वहिनीच्या लग्नातला कानपिळ्या

माझी ओळख करून देताना कुणी माझं नाव घेत नाही. “हे शहिदाचे भाऊ,” एवढंच सांगतात, आणि समोरचा माणूस खुर्चीतून अर्धा उठतो. मग त्याची नजर माझ्यावर वरून खाली फिरते. सुटलेलं पोट, बोटांना चिकटलेलं वार्निश, दोन पायऱ्या चढल्यावर लागलेली धाप, एवढं बघून झालं की तो हळूच पुन्हा खाली टेकतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दादा माझ्याहून मोठा. फौजेत गेला आणि सरहद्दीवर कामी आला. त्याच्याबद्दल मी इथं फार सांगणार नाही. त्याच्याबद्दल सांगायला गाव आहे, बॅनर आहेत, दर वर्षी येणारे वक्ते आहेत. आणि खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल लिहायला बसलो की मला रडू येतं आणि लिहिणं तिथंच राहतं. ही गोष्ट वहिनीची आहे. पण सांगणारा मी असल्यामुळं मी मधे मधे स्वतःला घुसवणार, त्याला इलाज नाही.

दादा गेल्यावर वर्षभरानं गावानं मला भरतीला पाठवलं. मी “जातो” असं कुठंही म्हटलं नव्हतं. पारावर कुणीतरी म्हणालं, एक गेला तरी दुसरा तयार आहे हे दिसलं पाहिजे, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या गळ्यात हार पडला. हलगी वाजवत मला जीपमध्ये बसवलं. सोळाशे मीटरच्या धावण्यात तिसऱ्या फेरीला मी मैदानाच्या कडेला बसलो आणि आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू तिथंच परत केले. मी कुणाचा भाऊ आहे हे तिथल्या साहेबांना कळलं. त्यांनी मला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं आणि इतक्या आदरानं घरी जायला सांगितलं, की मी नापास झालोय हे मला परतीच्या जीपमध्ये समजलं. गावच्या वेशीवर माझ्या शुभेच्छांचा बॅनर तसाच होता. कुणीच तो काढेना, तेव्हा मीच एका दुपारी काढला आणि गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर टाकला. गोठा गळायचा थांबला, एवढा तरी त्या भरतीचा उपयोग झाला.

तेव्हापासून लोहाऱ्याला स्टँडजवळ माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी मी नव्या तारेनं भरून देतो. दादाच्या नावाचा मान मी रोज थोडा थोडा खातो. कंडक्टर मला पुढच्या सीटवर बसवतो. तहसीलमध्ये मला उभं ठेवत नाहीत. रांगेत कुणी ओळखलं तर मी आधी “छे छे, असू द्या” म्हणतो आणि मग पुढं जातो. फक्त लग्नाच्या बाबतीत या मानाचा काही उपयोग होत नाही. दुकान आहे, जमीन आहे, शहिदाचं घर आहे. तरी मुलीकडची माणसं पोहे खातात, दादाच्या फोटोला हात जोडतात आणि परत फोन करत नाहीत.

वहिनी आमच्या घरात आली आणि दीड वर्षात दादा गेला. त्या दीड वर्षातही तो रजेवर आला तेवढाच तिचा संसार. मूलबाळ झालं नाही. ती आमच्याकडंच राहिली. ओसरीवर शिलाई मशीन टाकलं, आणि बघता बघता अख्ख्या गावच्या बायांचे ब्लाउज तिच्याकडं यायला लागले. तिच्या हाताला फिटिंग आहे असं सगळ्या म्हणतात.

दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर आमचा सत्कार असतो. कार्यक्रम हवालदारकाकांच्या ताब्यात. ते फौजेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर बिडी ओढायची गावात कुणाची छाती नाही. स्टेजवर आमच्यासाठी तीन खुर्च्या असतात. एक आईची, एक वहिनीची. तिसरी खरं तर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पण पहिल्याच वर्षी ते म्हणाले, “पोरगं माजं गेलं, हार मला कशाला?” आणि मैदानाच्या टोकाला लिंबाखाली जाऊन उभे राहिले. अजूनही तिथंच उभे राहतात. रिकामी खुर्ची बरी दिसत नाही म्हणून मला बसवलं. रिकाम्या खुर्चीपेक्षा मी बरा दिसतो, एवढं गावानं मान्य केलंय.

बाईचा सत्कार बाईनं करायचा, ही रीत. सरपंचबाई ताट घेऊन येतात. आईला हळदीकुंकू लावतात, खणानारळानं तिची ओटी भरतात, पाया पडतात. मग वहिनीपुढं येतात. तिथं ताट मागच्या बाईच्या हातात जातं. वहिनीच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि तिच्याही पाया पडणं. आबा हयात आहेत म्हणून आईला कुंकू. दादा नाही म्हणून वहिनीला शाल. हे इतक्या सराईतपणे चालायचं की त्यात काही खुपण्यासारखं आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. त्या वेळी मी केस सारखे करण्यात गुंतलेलो असायचो, कारण पुढचा नंबर माझा.

मी सांगतोय त्या पंधरा ऑगस्टला सरपंचबाई नव्यानं निवडून आल्या होत्या आणि स्टेजवर पहिल्यांदाच चढल्या होत्या. त्यांनी आईची ओटी भरली आणि त्याच ओघात बोट कुंकवात बुडवून वहिनीपुढं आल्या. वहिनीनं मान पुढं केली. तेवढ्यात मागून कुणी बाई दबक्या आवाजात म्हणाली, “तिला न्हाय, तिला न्हाय.” सरपंचबाई चपापल्या. बोटाचं कुंकू त्यांनी घाईनं ताटाच्या काठाला पुसलं आणि शाल उचलली. मी हातभर अंतरावर होतो आणि मला यातलं काहीही दिसलं नाही.

दिसलं ते संध्याकाळी, मोबाइलवर. गावच्या ग्रुपवर फोटो आले होते आणि मी नेहमीप्रमाणं त्यात स्वतःला शोधत होतो. एका फोटोत मी फारच छान आलो होतो म्हणून तो मोठा करून बघितला. त्याच फोटोत शेजारी वहिनी होती. मान पुढं केलेली, डोळे मिटलेले. सरपंचबाईंचा हात केव्हाच मागं गेला होता आणि ती अजून वाट बघत होती. मी मोबाइल उपडा ठेवून दिला. मग थोड्या वेळानं पुन्हा उचलला आणि फोटोतला माझ्यापुरता भाग कापून स्टेटसला ठेवला. मी असा माणूस आहे.

आईला मात्र ते जागेवरच दिसलं होतं. जेवताना ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, “पुढल्या साली तिला तितं बशिवायचं न्हाय. तिचं लगीन करायचं.”

मी घास हातात धरून आबांकडं बघितलं. आबांनी आमटी भुरकली आणि म्हणाले की हे वाक्य आईच्या तोंडून कधी येतंय याची ते केव्हापासून वाट बघत होते. ओसरीवरचं मशीन थांबलं होतं. वहिनी ऐकत होती. आत आली नाही.

आईच्या अटी स्पष्ट होत्या. लग्न चोरून, कुठल्या तरी देवळात चार माणसांत उरकायचं नाही. आपल्या दारात मांडव घालून, दिवसाढवळ्या, वाजवत लावायचं. त्यासाठी गाव यायला पाहिजे, आणि गाव येणार की नाही हे हवालदारकाकांची मान कशी हलते त्यावर होतं. वीरपत्नीनं दुसरं लग्न केलेलं त्यांना चाललं नाही, तर मांडवात आम्ही चौघंच बसणार. तेव्हा हे त्यांना आणि पारावरच्या मंडळींना जाऊन सांगायचं, हे काम आईनं माझ्यावर टाकलं. तिची ही एक चूक.

पहिल्या दिवशी मी पारावर गेलो, सोयाबीनवर पडलेल्या पिवळ्या रोगावर बराच वेळ बोललो आणि परत आलो. आईला सांगितलं, आज माणसं फार कमी होती. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माणसं फार जास्त होती. मग एकादशी आली. मग कुणाकडं तरी सुतक निघालं. हवालदारकाका रस्त्यात दिसले की मी गाडी थांबवून चाकातली हवा बघायचो. दिवाळी आली तरी माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, आणि आई आता मला काही विचारतही नव्हती.

मी गावाला भितो, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं. वहिनी मशीनवर बसलेली दिसली की दादा अजून कुठंतरी ड्यूटीवर आहे आणि रजेवर येणार आहे असं मला वाटायचं. ती गेली की तो खरंच गेला. हे झालं माझं बरं कारण. दुसरं कारण असं, की वहिनी गेली तर स्टेजवर दोनच खुर्च्या राहतील, आणि मग त्यातली एक कशाला हवी, हे कुणाच्या तरी ध्यानात येईल.

शेवटी सराव म्हणून मी आमच्या चुलत्यांना सांगितलं. ते घरचे, चुकलं तरी घरात राहील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“मग बाहेर कशाला जायचं? तूच कर की.”

दुसऱ्या दिवशी ते पटका बांधून, गावातल्या दोन जाणत्यांना घेऊन आमच्या दारात. घराचा मान घरात राहील, पोरीच्या कपाळाला कुंकू लागेल, आणि या पोराचंही कुठं जमत नाही ते जमून जाईल, असं त्यांनी आबांना समजावून सांगितलं. माझ्यासाठी स्थळ घेऊन कुणी घरी येण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ, आणि स्थळ आमच्याच स्वयंपाकघरात चहा करत होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी “चहा बघतो” म्हणून आत गेलो.

आत वहिनी कपांत चहा ओतत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी फडताळाकडं बघत उभा राहिलो. तिनं किटली खाली ठेवली.

“भावजी, तुमी काय बोलू नका. तुमाला जमायचं न्हाय. म्या बोलते.”

डोक्यावरचा पदर नीट करून ती स्वतः चहा घेऊन बाहेर गेली. चुलत्यांपुढं कप ठेवला आणि तिथंच उभी राहून बोलली. इतक्या वर्षांत तिला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“मामंजी, भावजींना ताप आला तवा म्या त्यांच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्यात. त्यांच्यासंगं कसलं लगीन लावताय माजं? आन् मानाचं म्हणत असाल, तर स्टेजवर मला समदे हात जोडत्यात. संक्रांतीला बाया माझ्याकडनं ब्लाउज शिवून नेत्यात, त्योच घालून हळदीकुंकवाला निघत्यात, आन् माज्या दारापुढनं जाताना भरभर चालत्यात. मला हात जोडू नका. मला हाक मारा. एवढंच पायजे मला.”

चुलते चहा न पिताच उठले. जाणते दोघं मात्र बसले, सावकाश चहा प्यायले आणि जाताना एकानं वहिनीला “चांगला झालता चहा” असं सांगितलं. एवढंच, पण त्यानं ते तिच्याकडं बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदारकाकांकडं गेलो. माझ्या अंगात धाडस संचारलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला घरात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. काका मशीनवर कडबा कापत होते. त्यांनी मशीन बंद केलं. मी जमिनीकडं बघत सगळं एका दमात सांगून टाकलं, चुलत्यांच्या पटक्यासकट. त्यांनी मशीनमध्ये अडकलेला कडबा ओढून काढला. मला वाटलं, आता हाकलून देणार.

“तुज्या दादाला फौजेच्या गाडीतनं म्या उतरवून घेतलं,” ते म्हणाले. “आन् त्या पोरीच्या बांगड्या फोडल्या तवाबी म्या तितंच उंबऱ्यात हुबा व्हतो. एक शब्द बोललो न्हाय. दर साली सत्कार म्याच लावतो, आन् ते ताट तिच्या म्होरनं माघारी जाताना म्याच बगतो.” त्यांनी हातावरचा भुसा झटकला. “लगीन कवा हाय?”

मी सांगितलं, अजून मुलगाच बघितलेला नाही.

“मंग हितं काय करतुयास?”

मुलगा त्यांच्याच बायकोच्या नात्यातून निघाला. परंड्याकडचा, वायरमन, पहिली बायको आजारानं गेलेली, घरी आईबाप. बघायचा कार्यक्रम आमच्या घरी ठरला आणि मी स्वतःला मुलीकडचा प्रमुख नेमून टाकलं. मांडी घालून बसलो आणि त्याला उंची विचारली, छाती विचारली, व्यसन विचारलं. पुढं काय विचारावं सुचेना म्हणून पळण्याचा सराव आहे का, असंही विचारलं. तो गरीब माणूस गोंधळला. म्हणाला, खांबावर चढायचं काम आहे, पळायचं कधी पडत नाही. आतून वहिनीच्या हसण्याचा आवाज आला. त्या घरात तो आवाज मी विसरूनच गेलो होतो. आईनं माझ्याकडं बघून पुरे अशी खूण केली.

मग वहिनी बाहेर आली आणि तिनं त्याला एकच गोष्ट विचारली. दादाचा फोटो ती सोबत आणणार. भिंतीवर लावला तर चालेल का? त्यानं भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडं बघितलं.

“माजीबी एक हाय भिंतीवर,” तो म्हणाला. “शेजारी लावू.”

लग्न ठरलं. आता राहिला वहिनीचा सख्खा भाऊ. तिचे वडील नव्हते, आई भावाजवळ. नळदुर्गच्या पुढं हायवेला त्याचा धाबा आहे. बोर्डावर एका बाजूला दादाचा मोठा फोटो आणि दुसऱ्या बाजूला लिहिलेलं, “शुद्ध शाकाहारी”. मी पत्रिका घेऊन गेलो. त्यानं मला पोटभर जेवू घातलं, हात धुवायला गरम पाणी दिलं आणि मग सांगितलं की तो येणार नाही, आईलाही पाठवणार नाही. शहिदाची बायको दुसऱ्याच्या घरात भांडी घासणार, हे बघायला मी जिवंत राहायचं का, असं तो म्हणाला. मला सडेतोड उत्तर द्यायचं होतं. ते मला जळकोट ओलांडल्यावर बसमध्ये सुचलं, आणि मग एकामागून एक इतकी उत्तरं सुचत गेली की मी मोठ्यानं बोलत होतो हे शेजारच्या म्हाताऱ्यानं जागा बदलल्यावर कळलं.

घरी आल्यावर वहिनीला काय सांगावं हे मला ठरवावं लागलं नाही. तिनं माझ्या हातातली पत्रिका बघितली, तशीच परत आणलेली. मान हलवून ती पुन्हा मशीनवर बसली. स्वतःच्या लग्नाचा ब्लाउज ती स्वतःच शिवत होती.

वैशाखात लग्न लागलं. मांडव दारात घातला होता आणि व्यवस्था हवालदारकाकांकडं होती, त्यामुळं आमच्या भागात जे कधी होत नाही ते झालं: मुहूर्तावर सगळं तयार. फक्त माणसं यायची होती. आई उंबऱ्यात उभी होती आणि रस्त्याकडं बघत होती. मी सतरंज्या पुन्हा पुन्हा झटकत होतो. मांडव रिकामा राहिला तर वहिनी रिकाम्या मांडवातून जाणार, आणि तो रिकामा राहण्यात माझ्या दिवाळीपर्यंतच्या मुकेपणाचाही वाटा असणार, हे मला झटकता येत नव्हतं.

आधी सरपंचबाई आल्या. त्यांच्या हातात हळदीचं ताट होतं आणि या खेपेला त्यांचा हात कुठंही अडखळला नाही. मग चहा पिऊन गेलेले दोघं जाणते, त्यांच्या घरच्या बाया, मग पाराजवळच्या गल्लीतल्या. सगळं गाव आलं असं मी म्हणणार नाही. चुलत्यांचं दार बंद होतं, चुलती मात्र गच्चीवर वाळवण घालायच्या निमित्तानं उभी होती. पण मांडवात बसायला सतरंजी कमी पडली आणि मी पळत जाऊन शाळेतून आणखी दोन आणल्या.

अक्षता पडल्या. विधी सुरू झाले. भटजींनी मान वर करून विचारलं, “नवरीचा भाऊ कुठंय? कानपिळ्या?”

आमच्याकडं नवरीच्या भावानं भर मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा असतो. बहिणीला नीट सांभाळ, मागं मी आहे, एवढा त्याचा अर्थ. तो भाऊ नळदुर्गच्या पुढं धाब्यावर बसला होता. वहिनीनं मान खाली घातली. नवरदेवाची आई पदराशी चाळा करायला लागली. हा विधी सोडून देऊ, असं भटजी म्हणणार तेवढ्यात वहिनीनं मान वर केली.

“भाऊ हाय की माजा. त्यो काय सतरंजीवर बसलाय.”

सतरंजीवर मी बसलो होतो. मी मागं वळून बघितलं, कुणी दुसरं आहे का. बायांमध्ये हसण्याची लाट आली. हवालदारकाकांनी मला दंडाला धरून उभं केलं. ज्या लोकांनी मला याच बाईचा नवरा करायला काढलं होतं, त्यातले दोघं समोर बसले होते, आणि मी त्यांच्या देखत नवरदेवाच्या कानाकडं निघालो होतो. कान धरला, जरासा दाबला आणि सोडायला गेलो.

“जोरात पिळ रं, कान हाय का पोळी हाय ती,” मागून कुणी म्हातारी म्हणाली.

मी जोरात पिळला. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दादाला शेवटचं बघितलं ते, वहिनीच्या फुटलेल्या बांगड्या, सगळं एकदम वर आलं आणि मी रडायला लागलो. रडत होतो आणि कान सुटत नव्हता. नवरदेवाच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, त्याचं कारण वेगळं असणार. पण त्यानं कान सोडवून घेतला नाही. तसाच वाकून राहिला आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाला, “मेव्हणं, संभाळतो मी. सोडा आता.”

कानपिळ्याला नवरदेवाकडून आहेर असतो. भाऊ येणार नाही असं कळल्यामुळं त्यांनी तो आणलाच नव्हता. नवरदेवाच्या वडिलांनी इकडंतिकडं बघितलं आणि डोक्यावरची स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती भुवयांपर्यंत खाली आली. सगळ्या फोटोंत मी डोळे नसलेला, नाक लाल झालेला असा आलोय. ते फोटो मी स्टेटसला ठेवले नाहीत. आई त्यातला एक मोठा करून लावायचा म्हणते.

निघताना वहिनी आईच्या गळ्यात पडली तेव्हा आई म्हणाली की पंचमीला मुराळी धाडते. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी आणायला जाणारा माणूस. तो मी, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

श्रावण लागला तसा मी परंड्याला जाऊन वहिनीला घेऊन आलो. तिच्या सासूनं माझ्यासाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि बसमध्ये वहिनीनंच मला खिडकीची जागा दिली. पंचमीच्या दिवशी आमच्याकडं बाया जमून, गाणी म्हणत गावाबाहेर वारुळाला जातात. जाताना माहेरी आलेल्या पोरींना दारोदार हाक मारत जातात. इतकी वर्षं तो घोळका आमच्या दारावरून पुढं जायचा.

वहिनी नवी साडी नेसून, हातभर बांगड्या आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावून, लाह्यांचं ताट मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. आई तिच्याजवळ. मी ओट्यावर एक मोटार उघडून बसलो होतो आणि तिच्यातली एकही तार मला दिसत नव्हती. गाण्याचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. चुलत्यांच्या दाराशी थांबला, त्यांच्या लेकीला घेतलं, पुन्हा सुरू झाला. मग आमच्या दाराशी आला. गाणं थांबलं.

“ए पोरी, आवरलं का? चल की, ऊन व्हतंय.”

आई ओ द्यायला उठली. वहिनीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“थांबा, आई. आणखी एकदा मारू द्या हाक.”